मळीपासून ग्लासपर्यंत: घरच्या कॉकटेलसाठी चांगली रम आणि अस्सल मिक्सर

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मावसभावाचा दारूच्या दुकानातून फोन आला. "ताई, पाच बाटल्यांचे फोटो पाठवलेत. एकीवर 'केन ज्यूस' लिहिलंय, एकीवर 'स्मॉल बॅच', एकीवर नुसतेच तीन एक्स. दुकानदार म्हणतो सगळ्या चांगल्या. यातली कुठली घेऊ?" रात्री त्याच्याकडे सहा जण जेवायला येणार होते आणि त्याला पिन्या कोलाडा, म्हणजे रम, नारळ आणि अननसाचं कॉकटेल, करायचं होतं. मी फोटो मोठे करून एकेक लेबल वाचत गेले, तो काउंटरवर उभा राहून ऐकत राहिला. वीस मिनिटं गेली. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतो.

याला कारणं दोन. गेल्या काही वर्षांत आपल्या दुकानांत, विशेषतः गोव्यात, नव्या भारतीय रम दिसू लागल्या आहेत आणि प्रत्येकीची भाषा वेगळी आहे. दुसरं कारण खिशाचं. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या विदेशी प्रकारच्या मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेण्याचा निर्णय घेतला. बाटली महागली. एवढे पैसे मोजायचे, तर आत काय आहे ते आपल्याला कळायला हवं.

आणखी एक सांगून ठेवते. या लेखात 'मिक्सर' म्हणजे वाटायचं यंत्र नव्हे. रमसोबत ग्लासात जे जे जातं, म्हणजे रस, पाक, नारळाचं दूध, सोडा, ते सगळं मिक्सर.

## रम म्हणजे नक्की काय?

उसापासून बनलेलं, ऊर्ध्वपातन केलेलं मद्य म्हणजे रम. ऊर्ध्वपातन म्हणजे आंबवलेलं द्रावण तापवायचं, मद्याची वाफ आधी उडते ती पकडायची आणि थंड करून पुन्हा द्रव करायची. धान्यापासून केलं तर ती रम नाही. काजूच्या बोंडांपासून केलं तर ती फेणी. रमला ऊसच लागतो.

पण उसाचं नेमकं काय? जगातली बहुतेक रम मळीपासून बनते. साखर कारखान्याच्या पंचक्रोशीत वाढलेल्या कुणालाही मळी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या गावाकडे गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळच्या वाऱ्यावर तो वास यायचा: गोडसर, जळका, थोडा आंबूस. एक टन उसातून साधारण १०० किलो साखर निघते आणि साखरेचे दाणे काढून झाल्यावर जवळपास ४० किलो काळा, चिकट द्रव उरतो. ती मळी. तिच्यात अजून भरपूर गोडवा असतो, पण त्याचे दाणे पडत नाहीत. हा गोडवा यीस्टला खायला घातला की मद्य तयार होतं. सतराव्या शतकात बार्बाडोस आणि आजूबाजूच्या कॅरिबियन बेटांवर साखरेच्या मळ्यांत हेच घडलं. ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत होते. रमची गोष्ट सांगताना ते विसरता येत नाही.

दुसरा प्रकार थेट उसाच्या रसाचा. फ्रेंच अमलाखालच्या मार्टिनिक बेटावरची 'रम आग्रिकोल' ही याची सर्वांत नावाजलेली जात. १९९६ पासून तिला फ्रान्सचा अधिकृत मूळस्थान-दर्जा आहे, म्हणजे आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे तसा. या रमला कापलेल्या उसाचा, हिरव्या पात्याचा वास येतो. मग सगळेच रसापासून का करत नाहीत? रसवंतीतून बाटलीत भरून आणलेला रस दुपारपर्यंत कसा होतो ते आठवा. काळा पडतो, फसफसतो. म्हणून रसाची रम फक्त तोडणीच्या हंगामात आणि शेताजवळच करता येते. मळी मात्र टाकीत भरून महिनोन्महिने ठेवता येते. भावाच्या फोटोतल्या 'केन ज्यूस' या दोन शब्दांचा अर्थ एवढाच, पण चवीत त्याने मोठा फरक पडतो.

रसाची रम करणाऱ्या बेटांमध्ये मॉरिशसही आहे. तिथल्या शामारेलची रम उसाच्या ताज्या रसापासून होते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडून त्या बेटावरच्या ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. ती बाटली कधी हातात आली तर मला आधी ते आठवतं.

## घाण्याचं तेल आणि रिफाइंड तेल

कच्चा माल कळला. आता भांडं बघू, कारण चवीचा निम्मा निकाल तिथे लागतो.

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल कढईत घातलं की स्वयंपाकघरभर शेंगदाण्याचा वास येतो. रिफाइंड तेलाला वासच नसतो, ते कशाचं आहे हे डोळे मिटून सांगता येणार नाही. रमचंही तसंच आहे. तांब्याच्या मोठ्या हंड्यासारख्या भांड्यात एकेक घाणा करून काढलेली रम, तिला पॉट स्टिल म्हणतात, ही घाण्याच्या तेलासारखी वासाने भरलेली असते. उंच नळकांड्यासारख्या मनोऱ्यात अखंड चालणारं ऊर्ध्वपातन, म्हणजे कॉलम स्टिल, मद्य अधिक स्वच्छ आणि हलकं करतं. या मनोऱ्याचं गाजलेलं पेटंट एनीअस कॉफी या आयरिश माणसाने १८३० मध्ये घेतलं. क्यूबाच्या हलक्या, स्वच्छ रम याच वाटेने आल्या.

कॉलम स्टिल वाईट असतं असं अजिबात नाही. डायकिरीसारख्या, म्हणजे नुसती रम, लिंबू आणि पाक असलेल्या, नाजूक कॉकटेलला हलकी रमच शोभते. पण ही सफाई टोकाला नेली की हातात येतो ९६ टक्क्यांच्या आसपासचा, जवळजवळ बिनवासाचा अल्कोहोल. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त रम म्हणजे मळीचा हा अल्कोहोल, पाणी, रंगासाठी जळवलेली साखर आणि वरून सुगंध. रिफाइंड तेलात शेंगदाण्याचं इसेन्स घालून 'घाण्याचं' म्हणून विकण्यासारखं हे आहे. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत वाढीव फ्लेवर आणि कॅरॅमल रंगाचा उल्लेख सापडतो. तो आधी शोधा.

दुसऱ्या टोकाला जमैका. तिथे आंबवण मुद्दाम लांबवतात, आधीच्या घाण्यातून उरलेलं आंबट द्रावणही त्यात घालतात. त्यातून एस्टर नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात. काळे डाग पडलेली केळी बंद कपाटात राहिली आणि दार उघडल्यावर जो दरवळ येतो, तो एस्टरचाच. पिकलेल्या केळ्यात, अननसात असतात त्याच जातीची ही द्रव्यं आहेत. म्हणून जमैकन रमचं झाकण उघडलं की फळांची टोपली पुढ्यात ठेवल्यासारखं वाटतं. १७५३ पासूनची हॅम्पडन इस्टेट यासाठी प्रसिद्ध आहे. अशी रम नुसती पिताना काहींना झेपत नाही. कॉकटेलमध्ये मात्र तिचे दोन चमचेसुद्धा सगळा ग्लास बदलून टाकतात.

## रंग, वय, आकडे: लेबल वाचायचं कसं

आधी रंगाबद्दल, कारण फसगत इथे सगळ्यात जास्त होते. गडद म्हणजे जुनी आणि पांढरी म्हणजे कोवळी, असा आपला समज असतो. लाकडी पिंपात मुरल्यावर रमला सोनेरी-तपकिरी रंग येतो हे खरं. पण तोच रंग कॅरॅमलने पाच मिनिटांत आणता येतो. उलट काही पांढऱ्या रम वर्ष-दोन वर्षं पिंपात राहून मग कोळशातून गाळलेल्या असतात. त्यामुळे रंगावरून काही ठरवू नका.

वयाचा आकडा बघताना तो कशाचा आहे ते बघा. बार्बाडोस, जमैकाच्या रमवर '८ वर्षं' असेल तर आतली सर्वांत कोवळी रम आठ वर्षांची असते. काही देशांत मात्र मिश्रणातल्या सर्वांत जुन्या थेंबाचं वय छापतात, किंवा नुसताच एक आकडा असतो ज्याच्यापुढे 'वर्षं' हा शब्दच नसतो. शब्द नसेल तर तो आकडा नक्षी समजून सोडून द्या. आणि बारा वर्षांच्या स्कॉचशी बारा वर्षांच्या रमची तुलना करू नका. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जातं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्या कित्येक पट. उष्ण प्रदेशातली रम झपाट्याने मुरते आणि झपाट्याने कमीही होते.

आता तो ४२.८ चा आकडा. आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांवर हा विचित्र दशांश असतो. सरळ ४० किंवा ४३ का नाही? हा इंग्रजी अमदानीचा वारसा आहे. जुन्या ब्रिटिश मापात सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे '१०० प्रूफ'. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटते का ते पाहत, पेटली तर मद्य पुरेसं कडक, अशी या मापाची जुनी कहाणी सांगतात. पुढे ते माप घनतेवरून ठरवलं गेलं. आपल्याकडे त्याचे ७५ टक्के, म्हणजे '७५ प्रूफ' किंवा '२५ अंडर प्रूफ', ही ताकद रूढ झाली. ५७.१ चे पाऊण केले की ४२.८ येतात. कॉकटेलसाठी ही ताकद उत्तम आहे, बर्फ विरघळल्यावरही रमची चव टिकते.

शेवटची गोष्ट लपवलेली साखर. रम गोड पदार्थापासून बनते, पण ऊर्ध्वपातनातून साखर पलीकडे जात नाही. ताजी रम गोड नसते. तरी अनेक कंपन्या नंतर साखर घालतात. युरोपीय संघाने २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत लिटरला जास्तीत जास्त २० ग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. घरी तपासायचा सोपा उपाय आहे. एक चमचा रम बशीत ओतून दोन दिवस उघडी ठेवा. मी मागच्या मे महिन्यात खिडकीत दोन बशा मांडल्या होत्या. एकीत फिकट, कोरडा पापुद्रा उरला, नखाने खरवडला तर भुगा झाला. दुसरीत तपकिरी कडं राहिलं होतं, बोट लावलं तर बशीच उचलली गेली, आणि मुंग्यांनीही ती शोधून काढली होती. साखर असलेली रम टाकून द्यायची गरज नाही, तिच्यासोबत पाक कमी घालायचा. पण आपण साखरेचे पैसे रमच्या भावाने देतो आहोत हे ठाऊक असलेलं बरं.

## मग घ्यायची कुठली?

घरी दोन बाटल्या पुरतात, असं माझं ठाम मत आहे. एक हलकी, स्वच्छ पांढरी. एक मुरलेली, भरदार.

मुरलेल्या बाटलीसाठी बहुतेकांच्या घरात उत्तर आधीच असतं. ओल्ड मंक १९५४ पासून आपल्यासोबत आहे. तिची व्हॅनिलासारखी गोडसर चव लिंबाच्या नाजूक कॉकटेलमध्ये सगळ्यांवर मात करते, म्हणून डायकिरीत ती घालू नका. आलं, संत्रं, कोकम, जायफळ अशा ठसठशीत चवींशी मात्र ती फार छान जमते. थोडे जास्त पैसे खर्च करायचे असतील तर बंगळुरूच्या अमृतची 'टू इंडीज' बघा. कॅरिबियन रम आणि भारतीय गुळापासूनचं मद्य यांचं ते मिश्रण आहे. हरियाणातल्या इंद्रीची 'कामिकारा' उसाच्या रसापासूनची आहे. तिची बारा वर्षं मुरलेली आवृत्ती कॉकटेलमध्ये घालू नये, ती नुसतीच चाखावी.

पांढरीसाठी गोव्याच्या 'माका जाय'चा विचार करा. कोकणीत या नावाचा अर्थ 'मला हवं'. आयात रमपैकी बार्बाडोसची माउंट गे आणि जमैकाची ॲपलटन मोठ्या शहरांत सापडतात. शुल्कामुळे त्या तिथल्या किमतीच्या कितीतरी महाग पडतात, म्हणून त्या विमानतळावरून किंवा परदेशी नातेवाइकांकडून मागवणं शहाणपणाचं. लंडन-न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचं उलट आहे. त्यांना रम कोपऱ्यावर मिळते आणि आमसुलं बॅगेतून न्यावी लागतात.

"महाग म्हणजे चांगली ना?" असं भावाने विचारलंच. नेहमी नाही. जड काच, लाकडी बूच, सोनेरी अक्षरं यांचेही पैसे आपणच भरतो. ज्या लेबलवर कशापासून, कुठे, कोणत्या भांड्यात आणि किती वर्षं हे चार प्रश्न सुटतात, ती बाटली स्वस्त असली तरी विश्वासाची. चारही प्रश्न सोडून नुसत्या समुद्री चाच्यांच्या गोष्टी सांगणारी मी ठेवून देते.

## मिक्सर: खरी मेहनत इथे

चांगल्या रममध्ये पॅकेटचा रस ओतला तर सगळं मुसळ केरात. साध्या रममध्ये ताजा रस आणि घरचा पाक घातला तर पाहुणे नाव विचारतात. दोन्ही करून पाहिल्यावर मी हे लिहिते आहे. म्हणून पैसे मोजून झाले की बाकीचं लक्ष स्वयंपाकघराकडे द्या.

लिंबू पहिलं. आपलं कागदी लिंबू कॅरिबियन कॉकटेलला हवं तसंच आंबट आणि सुवासिक असतं, परदेशी पिवळ्या लिंबाची गरज नाही. एका रसाळ लिंबातून साधारण १५ मिली रस निघतो. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, ओट्यावर तळव्याने लोळवा, मग पिळा. करकचून पिळू नका, सालीचा कडवटपणा उतरतो. संध्याकाळच्या कार्यक्रमाला त्याच संध्याकाळी पिळायचं, रात्रभर ठेवलेला रस मंद आणि कडसर होतो. बाटलीतला लाइम कॉर्डियल हा लिंबाच्या रसाला पर्याय नाही. ते साखरेचं सरबत आहे, त्याने प्रमाणाचा पूर्ण हिशेब बिघडतो.

पाक म्हणजे आपला गुलाबजामचा एकतारी नव्हे. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन नुसतं विरघळवायचं, उकळत बसायचं नाही. फ्रिजमध्ये तो तीन आठवडे राहतो. मुरलेल्या रमसाठी मी गुळाचा पाक करते आणि त्यासाठी काळसर गूळ निवडते. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असतो, पण तो रंग बऱ्याचदा गुऱ्हाळात घातलेल्या रासायनिक पावडरीचा असतो. २०० ग्रॅम गूळ, २०० मिली पाणी, विरघळेपर्यंत मंद आच, मग पातळ फडक्यातून दोनदा गाळायचं. तळाशी बारीक रेव उरते, ती ग्लासात गेली तर दाताखाली येते. गुळात मुळातच खारटपणाची पुसटशी छटा असते आणि रमच्या मळीशी त्याचं सख्खं नातं आहे. दोघं एकाच कढईतली भावंडं.

नारळ. पिन्या कोलाडा १९५४ मध्ये पोर्तो रिकोतल्या कॅरिब हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो यांनी बनवला असं तिथे मानलं जातं, आणि त्याचा जीव आहे नारळाची गोड, दाट मलई. ती डबाबंद मिळते, पण तिच्यात घट्टपणासाठी बरंच काही घातलेलं असतं. आपल्याला सोलकढी करता येते, मग हे अवघड कसं? एका मोठ्या नारळाचं खोबरं वाटून, अगदी कमी कोमट पाण्यात पिळून पहिला जाड रस काढा. २०० मिली रसाला १५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घाला, साखर विरघळेपर्यंत कोमट करा. उकळी आली तर रस फाटतो, गॅसपासून हलू नका. तीन-चार दिवसांत संपवा. यातली ४५ मिली मलई, ९० मिली ताज्या अननसाचा गाळलेला रस, ६० मिली रम, दोन चमचे लिंबू आणि भरपूर बर्फ, हे सगळं ब्लेंडरमध्ये फिरवलं की झालं.

परदेशी पाककृतींतली अवघड नावंही घाबरण्यासारखी नाहीत. माय ताय हे १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला व्हिक्टर बर्जरॉन यांनी घडवलेलं कॉकटेल. त्यात 'ओर्जा' लागतं, म्हणजे बदामाचं सरबत. भिजवून सोललेले बदाम वाटा, गाळा, साखर घाला, नारिंगाच्या फुलांचं अत्तरी पाणी मिळालं तर दोन थेंब. ठंडाई येणाऱ्या घरात हा पाठ शिकवायला नको. त्यातच 'रॉक कँडी सिरप' लागतं, म्हणजे चक्क खडीसाखरेचा पाक. त्यात लागणाऱ्या नारिंगी मद्याऐवजी नागपुरी संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी थर पाकात रात्रभर मुरवला तर मद्याचा कडकपणा नाही, पण सुगंध येतो. 'ग्रेनाडीन' हे मूळचं डाळिंबाचं सरबत, फ्रेंचमध्ये डाळिंबाला ग्रेनाद म्हणतात. बाजारातल्या लाल बाटलीत पुष्कळदा डाळिंब औषधालाही नसतं. सोलापुरी डाळिंबाचा रस आणि तेवढीच साखर, संपला विषय.

कोकमावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे नावांचा घोटाळा होतो. आमसूल म्हणजे वाळवलेली सालं. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस. अमृत कोकम म्हणजे साखरेतला अर्क. भावाने पुढच्या महिन्यात कोकमाचं कॉकटेल करायला घेतलं आणि आगळ ओतलं. फोन आला, "ताई, समुद्राचं पाणी झालंय." मी आमसुलं वापरते. आठ-दहा आमसुलं १०० मिली गरम पाण्यात दोन तास भिजवायची, हाताने कुस्करून गाळायची. या गडद जांभळट-लाल पाण्याचे ४५ मिली, तेवढीच मुरलेली रम, २० मिली गुळाचा पाक, आल्याच्या रसाचा अर्धा चमचा. बर्फात हलवून उंच ग्लासात गाळायचं आणि वर सोडा. ग्लास उजेडात धरला तर तळाशी जांभळा आणि वर फिकट गुलाबी दिसतो.

## प्रमाणाचं गणित

कॉकटेलचं मूळ गणित आंबट, गोड, कडक आणि पाणी एवढंच आहे. 'पंच' हा इंग्रजी शब्द आपल्या 'पाच'वरून आला असं बरेच अभ्यासक मानतात: मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रांत तो १६३२ मध्ये सापडतो. पुढे कॅरिबियनमध्ये त्याचा हिशेब झाला एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. आजच्या जिभेला तो जरा गोड लागतो.

मी डायकिरीपासून सुरुवात करायला सांगते. क्यूबातल्या सांतियागोजवळच्या खाणीच्या गावावरून हे नाव पडलं. ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फ भरून पंधरा सेकंद जोरात हलवायचं, डबा हाताला बोचेल इतका गार झाला की गाळायचं. हलवताना विरघळलेलं पाणी हाही पाककृतीचाच भाग आहे. लपवायला इथे काहीच नसतं, त्यामुळे रम वाईट असेल तर लगेच कळतं.

वेंगुर्ल्याच्या माझ्या मामी दारूला हात लावत नाहीत. एकदा त्यांच्या ओट्यावर मी अननस, लिंबू आणि पाकाचं मिश्रण, रम घालायच्या आधीचं, तयार करत होते. चव काही केल्या बसेना. त्यांनी चमचाभर जिभेवर घेतलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आंबट कमी आसा. आनि चिमूटभर मीठ घाल." मी दोन्ही घातलं. अननस एकदम समोर आला. पन्हं, सरबत, सोलकढी ज्या जिभेने आयुष्यभर जमवली, तिला कॉकटेल नवं नाही. तेव्हापासून मी रम घालायच्या आधी मिश्रण चाखते, आणि पाहुण्यांत न पिणारं कोणी असेल तर त्यांच्यासाठी तेच वेगळं काढून ठेवते.

## "एवढा खटाटोप कशाला? पॅकेट असतंच की"

वेळ नसेल तर काय करायचं ते सांगते. अननसाच्या 'ज्यूस' आणि 'ड्रिंक' मध्ये फरक आहे, मागचं लेबल वाचा, साखर न घातलेला रस घ्या. नारळाचं साधं दूध टेट्रापॅकमधलं चालेल, गोड आपण करू. लिंबाला मात्र सवलत नाही. सहा माणसांसाठी दहा-बारा लिंबं पिळायला दहा मिनिटं लागतात. बाकी सगळं विकत आणलं आणि एवढं घरी केलं तरी फरक लख्ख कळतो.

## "सगळं नैसर्गिक आहे, मग त्रास कमी होणार ना?"

नाही. हे मला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. ताज्या फळांनी चव सुधारते, अल्कोहोल तेवढाच राहतो. ६० मिली रम ४२.८ टक्क्यांची असेल तर तिच्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतो, म्हणजे १० ग्रॅमच्या प्रमाणित मापाने एका ग्लासात दोन ड्रिंक. नारळ-अननसाच्या गोडव्यात ते जिभेला जाणवत नाही, म्हणून तिसरा ग्लास कधी संपला कळत नाही. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. मोजून ओता, अंदाजाने नको. औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा गाडी चालवायची असेल तर रम घालण्याआधीचा ग्लास उचला.

आणि कोणी घरी रम 'पाडून' बघू म्हणालं तर त्याला थांबवा. घरगुती ऊर्ध्वपातन बेकायदा आहे. विषारी दारू काय करते ते २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत आपण पाहिलं, शंभराहून अधिक माणसं गेली. विकतच्या रममध्ये दालचिनी, व्हॅनिला किंवा संत्र्याची साल मुरवायला हरकत नाही. आठवडाभर पुरे, नंतर साल काढून टाका.

## "गोव्याहून दोन बाटल्या आणल्या तर?"

आंबोली किंवा बांदामार्गे परतताना हा विचार सगळ्यांच्या मनात येतो. किमतीतला फरक करामुळे आहे, आणि म्हणूनच गोव्याच्या बाटलीवर ती फक्त गोव्यात विक्रीसाठी असल्याचं छापलेलं असतं. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा ठरतो आणि हद्दीवर तपासणी होते. महाराष्ट्रात रम विकत घ्यायला आणि प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय मद्य सेवनाचा परवाना. दुकानात एक दिवसाचा परवाना नाममात्र पैशांत मिळतो, तो मागून घ्या. गोव्यात वयाची अट २१ आहे. तिथल्या रम तिथेच, समुद्रकाठच्या घरात, त्या सकाळी बाजारातून आणलेल्या नारळासोबत चाखून बघाव्यात, आणि आवडलेल्या बाटलीचं नाव लिहून आणावं.

भावाने त्या शनिवारी शेवटी पांढरी रम घेतली, पाचांतली किमतीने दुसऱ्या क्रमांकाची. उरलेल्या पैशांत दोन नारळ, एक अननस आणि डझनभर लिंबं आली. रात्री साडेअकराला फोटो आला. सहा रिकामे ग्लास, आणि ओट्यावर पिळलेल्या लिंबांचा ढीग.